शेवटच्या गाण्यातली टाळी

मी टाळी वाजवली आणि एका माणसाचं शेवटचं गाणं घालवलं.

गोडादऱ्यातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात तो सुट्टीला यायचा. लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा कामगार, बाहीला नेहमी धाग्याचे तुकडे चिकटलेले. त्याचा खेळ म्हणजे जणू कॅसेटच: गाण्यामागून गाणं, पडद्यावर नाचणारी झकपक पोरगी. ठेक्यावर बटण दाबायचं. चुकलं की पुन्हा पहिल्या गाण्यापासून. हा चक्क डोळे मिटून खेळायचा आणि डाव्या टाचेनं जमिनीवर ताल धरायचा.

त्या दिवशी तो पहिल्यांदाच शेवटच्या गाण्यावर पोचला. उद्यापासून लांब इच्छापोरला कामाला जायचं, पुन्हा येणं नाही, असं त्यानं दुकानदाराला सांगितलं होतं. त्याची टाच जरा थांबली. झालं! दोन महिने तबला शिकलेला मी, शेजारी उभा राहून त्याला सावरायला टाळ्या देऊ लागलो. त्याचा अंगठा अडखळला आणि पडदा काळा झाला.

‘‘सॉरी दादा, मी ठेका देत होतो.’’

त्यानं रिमोट हलकेच खाली ठेवला.

‘‘भाऊ, बारा माग चालू असले तरी कोणता बिघडला ते मला पाठमोरं ऐकू येतं. तुमचा तर कधी चालूच झालेला नाही.’’