ट्रॉम्बोन पुढच्या रांगेत का असतो

मला खरं तर सॅक्सोफोन शिकायचा होता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ऑफिसात भाव खायला मिळावा म्हणून. यापेक्षा उदात्त हेतू नव्हता. राजाजीनगरला एक वयस्क गृहस्थ शिकवतात असं कळलं. उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये गेलेली, कैक पिढ्या इथलंच मराठी घर, त्यामुळे बोलण्यात कन्नड कायमचं मुक्कामाला. मी त्यांना अण्णा म्हणू लागले; ते माझ्याहून तीस वर्षांनी मोठे असून मला अक्का म्हणत.

अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सॅक्सोफोन पितळेचा असला तरी पितळी वाद्यांच्या घराण्यातला नाही. त्याचा आवाज वेताच्या पट्टीतून निघतो. वाजवणाऱ्याचे ओठ जिथे थरथरतात ते खरं पितळी वाद्य, मग ते लाकडाचं का असेना. त्यांच्याकडे सॅक्सोफोन नव्हताच, हेही या तत्त्वज्ञानामागचं कारण असावं. ट्रॉम्बोन होता. तो माझ्या गळ्यात पडला.

पहिले दोन आठवडे वाद्याला हात लावायचा नव्हता. ओठ मिटून नुसतं फुर्र करायचं. कोरमंगल्याहून कॅबमध्ये मी फुर्र करत जायची आणि ड्रायव्हर आरशातून बघत राहायचा. मग वाद्य हातात आलं. त्याला ना बटणं, ना खुणा. लांब नळी पुढेमागे सरकवून सात जागा कानानं शोधायच्या. मला सत्तर सापडल्या. नवरा सोशिक, त्यानं एवढंच विचारलं, की हा कोर्स किती महिन्यांचा आहे.

चौथ्या महिन्यात बँडमधला ट्रॉम्बोनवाला तापानं पडला आणि अण्णांनी मला एका वरातीत उभं केलं. दोनच सूर वाजवायचे, बाकी वेळ गाल फुगवून उभं राहायचं. गाल फुगवू नको म्हणून चार महिने ओरडणारा माणूस हे सांगत होता. ढगळ लाल कोट घालून मी सगळ्यात मागे लपले. ऑफिसातलं कुणी बघायला नको.

पहिला सूर आला. मी नळी जोरात पुढे सरकवली, ती थेट पुढच्या कॉर्नेटवाल्याच्या डोक्यात. त्याची टोपी रस्त्यावर पडली. बिचारा वाजवायचा थांबला नाही, फक्त गाणं मध्येच एक पायरी चढलं.

अण्णांनी माझा दंड धरून मला सगळ्यांच्या पुढे नेलं.

"अक्का, ट्रॉम्बोन पुढच्या रांगेत असतो," ते शांतपणे म्हणाले. "मानासाठी नव्हे. पुढं डोकी नसतात म्हणून."

वरात संपल्यावर मी कॉर्नेटवाल्याची माफी मागायला गेले. तो टेंगूळ चोळत होता. म्हणाला, "लागलं त्याचं राहू दे. तुमचा दुसरा सूर स्वल्प खाली होता."

माझ्या आवाजाला आजवर कुणी सूर म्हटलं नव्हतं. मी त्याला कॉफी पाजली. आजारी ट्रॉम्बोनवाल्याला अजून आठवडाभर तरी बरं वाटू नये, असंही मनात येऊन गेलं.