टीव्हीकडे पाठ करून बसणाऱ्या मैनाकाकू

मैनाकाकू टीव्हीकडे पाठ करून मालिका पाहायच्या. तोंड भिंतीकडे, समोर परात, परातीत निवडायची मेथी, आणि पाठीमागे टीव्हीवर कुणीतरी कुणाच्या तरी मागावर. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, काकू घाबरत असतील. तसं विचारलंही. त्या हसल्या. "पाहून काय समजते वं? चेहरा तं पैसे घेऊन कोणीबी करते. आवाज ऐकत जा."

काकूंचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. लग्नाआधी दहा वर्षं त्या मागावर बसलेल्या. शेजारच्या मागावर सूत तुटलं की विणणाऱ्याच्या आधी काकूंना कळायचं, असं त्यांचे भाऊ मला सांगत. "सूत तुटाच्या आधी कुरकुरते," हे काकूंचं आवडतं वाक्य. शेजाऱ्यांचं भांडण, दुधाचे वाढलेले भाव, माझा पडलेला चेहरा, सगळ्यांना ते एकच वाक्य पुरायचं.

प्रताप नगरातल्या त्यांच्या घरात मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बी.ए. झाले आणि नागपुरात एका कचेरीत टायपिंगचं काम मिळालं. घरमालकीण कशी असेल या धास्तीनं मी पेटी घेऊन फाटकापाशी उभी राहिले. निळं लोखंडी फाटक ढकललं तर ते असं किंचाळलं की मी दचकून मागे सरले. आतून आवाज आला, "ये वं पोरी, थे फाटक सगळ्यायले असंच वरडते." कागदपत्रं पाहायच्या आधी त्यांनी मला जेवायला वाढलं. पुढे माझी पदवी त्यांनी आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितली की मलाच लाज वाटू लागली. मला त्या 'मास्तरीण' म्हणायच्या, मी कुठेही शिकवत नसताना.

त्या वर्षी दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता एका हिंदी रहस्यमालिकेचा नवा भाग यायचा. डोंगरातलं गाव, बँकेतला अधिकारी, त्याची तरुण बायको. घरात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी वावरतं आहे, असं त्या बायकोला वाटू लागतं. भाग संपला की मालिकेच्या पानावर लोक मोबाइलवरून आपली मतं लिहायचे. कुणाचा संशय माळ्यावर, कुणाचा दिरावर. काकूंचा फोन साधाच होता, म्हणून माझ्या मोबाइलवर मी त्यांच्या नावाचं खातं उघडून दिलं आणि त्यांची मतं टाइप करणं हे माझं काम होऊन बसलं.

दुसऱ्याच भागाला त्यांनी निकाल दिला. "लिही मास्तरीण. नवराच हाये."

"काकू, तो तर रडत होता हो तिच्यासाठी!"

"रडून राहिला, पण श्वास नाई बदलला त्याचा. लिही."

मी लिहिलं, पण माझ्या पद्धतीनं. त्यांची बोली पुसून शुद्ध मराठीत: 'पतीचे वर्तन संशयास्पद वाटते.' शाळेत माझ्या बोलीवरून सगळे मला इतकं हसले होते की बोली पुसणं म्हणजे चांगलं करणं, असंच मी समजत होते. खाली उत्तरं आली. 'आंटी, सीरियल बघा, जासूसी नका करू.' मी वाचून दाखवल्यावर काकू खूश. "लिही त्याले, तुह्या घरी आली तं चहा पाजशील का मंग?"

चौथ्या-पाचव्या भागापासून त्यांचं हसणं कमी झालं.

त्यांची एकुलती एक मुलगी वर्षा काटोलला दिलेली. जावई संत्र्याच्या बाजारात दलाल, बोलायला गोड. रविवारी काकू फोन करायच्या तेव्हा तोच उचलायचा. "घ्या ना आई, बोला," म्हणायचा आणि मग वर्षाचा आवाज यायचा. सगळं ठीक आहे, जेवण झालं, ऊन फार आहे. एका रविवारी काकूंनी फोन ठेवला.

"आवाज घुमते तिचा," त्या म्हणाल्या. "कानाशी फोन धरला तं असा घुमत नाई. स्पीकर लावून फोन खोलीत मधात ठेवते तो. आयकत बसते."

"काकू, तुमच्या डोक्यात मालिका बसली आहे," मी म्हटलं. शिकलेल्या माणसानं शहाणपणाचं बोलावं म्हणून बोलले. आज ते आठवलं की खाली मान जाते.

"मले बी तसंच वाटू दे बाप्पा," एवढंच त्या बोलल्या.

"मग जाऊन पाहून या ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लेकीच्या सासरी बोलावणं आल्याशिवाय माय जात नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्यांची आई गेली नव्हती, आजी गेली नव्हती. "बिनबोलावता गेली तं लेकीचं वजन जाते वं तिच्या घरात." आणि बोलावणं दोन वर्षांत आलं नव्हतं. दर सणाला काकू वाट पाहायच्या, जावई म्हणायचा, "पुढच्या वेळी नक्की आई, या वेळी घराचं काम काढलं आहे."

आठव्या भागात ती बायको न्हाणीघरात कडी लावून बसते आणि फोनवरून एकेकाला मदत मागते. मैत्रीण, दीर, पोलीस. काकूंची मेथी निवडून झाली होती, तरी त्या भिंतीकडेच तोंड करून होत्या. भाग संपल्यावर म्हणाल्या, "लिही. आज माह्याच बोलीत लिही, एक अक्षर बदलू नको."

मी लिहिलं: 'पोरगी एवढी भेऊन राहिली, साऱ्यायले फोन लावून राहिली, तं तिची माय कुठं मेली? आठ भाग झाले, लिवणाऱ्याले माय सुचली नाई काय?'

त्या मताला बरीच उत्तरं आली. हसणारी, 'सही बात' म्हणणारी. त्यातच एक होतं. फोटो नाही, नावाच्या जागी नुसती दोन इंग्रजी अक्षरं. मी नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं.

'माय हाये. पण बोलावल्याशिवाय येत नाई.'

काकूंनी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले होते, जणू अक्षरांतून आवाज येतो का ते ऐकत होत्या. मग परात उचलून आत गेल्या. "सकाळची पहिली एसटी किती वाजता असते वं काटोलले?"

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी कचेरीत खोटं सांगितलं आणि सोबत निघाले. काटोलला उतरल्यावर मी म्हटलं, निदान मिठाई तरी घेऊ. "पाहुणी म्हणून नाई चालली मी," त्या म्हणाल्या आणि रिकाम्या हातानं झपझप चालू लागल्या.

जावई बाजारात गेलेला. दार वर्षानं उघडलं. आईला पाहून तिनं आधी 'ये' म्हटलं नाही, आधी मान वर करून दाराच्या चौकटीकडे पाहिलं. तिथे बोटाएवढा कॅमेरा होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "काहून आली वं आई?" आणि तिनं आईचा हात धरला.

आम्ही उंबरठा ओलांडला नाही तोच त्या कॅमेऱ्यातून आवाज आला. गोड, हसरा. "आई, सांगून यायचं ना. मी गाडी पाठवली असती."

बाजार तिथून किती लांब आहे, तो किती वेळात येईल, हेच माझ्या डोक्यात. काकूंनी मात्र कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्याकडे पाठ करून, भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या, "जावईबापू, लेक घेऊन चालली. तुमचं जेवण तुमीच वाढून घ्या."

"वर्षा कुठेही जाणार नाही," आवाज म्हणाला. आता तो हसरा नव्हता.

"आयकलं?" काकू लेकीला म्हणाल्या. "हा खरा आवाज. चप्पल घाल."

वर्षानं चप्पल घातली. बसस्टँडपर्यंत प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला मी मागे वळून पाहत होते. गाडी सुटली, स्टँडाबाहेर पडली, तेव्हा कुठे काकूंनी लेकीचा हात सोडला. मी वर्षाला म्हटलं, "बरं झालं तू लिहिलंस."

"काय लिहिलं?"

मी फोन काढून दाखवला. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं. "हे मी नाही लिहिलं. माझ्याकडे फोनच नाही, दिवाळीपासून."

काकू खिडकीशी होत्या. त्यांनी सावकाश मान वळवली. त्या चेहऱ्यावर लेक सुटल्याचा आनंद नुकता येऊ लागला होता, तो तिथेच थांबला.

"मंग हे कोणाची पोरगी हाये?"

घरी पोचल्यावर पाणी प्यायच्या आधी त्यांनी उत्तर लिहायला लावलं. 'पोरी, पत्ता सांग. बोलावणं नको.' दोन दिवस काहीच आलं नाही. मग म्हणाल्या, आपला पत्ता लिही. मी नको म्हटलं. असा घरचा पत्ता चारचौघांत टाकू नये, कोणीही येईल, जावईही येईल.

"त्याले पत्ता ठाऊकच हाये. तिले नाई." आणि मग हळूच, "भेव तं मलेबी वाटते, मास्तरीण. लिही."

मी लिहिलं. गल्ली, वळण, निळं फाटक.

जावई दोनदा येऊन बाहेरून ओरडून गेला. दुसऱ्या वेळी गल्लीतले लोक जमले, तेव्हापासून आला नाही. वर्षाचा खटला कोर्टात आहे, ती शिवणकाम करते. मालिका संपली. नवराच निघाला. काकूंनी शेवटचा भाग ऐकलासुद्धा नाही. पण दर शुक्रवारी सात वाजता मला हाक यायची, "पाह्य वं, त्या पोरीनं काही लिवलं काय?" मी पाहायचे. काही नसायचं.

मागच्या थंडीत काकू गेल्या. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी दोनदा तेच विचारलं. खोटं सांगावंसं वाटलं. पण त्यांना आवाजावरून कळलं असतं, म्हणून खरंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग फाटकाले तेल नोको घालू. वाजू दे."

आता ते फाटक आणखीच किंचाळतं. शेजारचे म्हणतात, दोन थेंब तेलाचं काम आहे, आम्ही घालून देऊ का? वर्षा आणि मी नको म्हणतो. वारा आला तरी ते कुरकुरतं, आणि आम्हा दोघींपैकी एक जण हातातलं काम टाकून दाराशी जातेच.