खलाच्या काठावरची खाच

"हा आमचा खल नव्हे," इंदिराबाई म्हणाल्या आणि मी घडवून घेतलेला नवाकोरा पितळी खल त्यांनी माझ्या टेबलावर परत ठेवला. शेजारी त्यांचा जुना खल होता, काळपटलेला, पोचे पडलेला.

मला रागच आला. शिरोली एमआयडीसीत माझं पॅटर्न शॉप आहे. पॅटर्न म्हणजे नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि जी पोकळी उरते तिच्यात वितळलेला धातू ओतायचा. झालं कास्टिंग. पंपाची बॉडी असो की ट्रॅक्टरचा पार्ट, माझ्या कामाला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही. हा खल तर मी मोठ्या हौसेनं केला होता.

"मापात फरक आहे का?" मी विचारलं.

"माप बरोबर आहे."

"मग? जुन्यापेक्षा सुबकच आलाय की."

त्यांनी जुन्या खलाच्या काठावर बोट ठेवलं. तिथं एक खाच होती, करंगळी बसेल एवढी. नव्या खलाचा काठ सगळीकडून गुळगुळीत.

इंदिराबाई मॉरिशसच्या. वय ऐंशीच्या घरात. त्यांची पणजी कागलकडच्या एका खेड्यातून नवऱ्याबरोबर मुंबईला गेली आणि तिथून बोटीनं मॉरिशसला. करारावर, उसाच्या मळ्यात राबायला. बरोबर नेलेल्या चिजांपैकी आज एवढा खल शिल्लक आहे. तो इंदिराबाईंच्या धाकट्या भावाच्या देवघरात असतो. त्यांच्या गावात आता बोटीनं आलेल्या घराण्यांच्या वस्तू मांडून ठेवायला एक खोली होतेय. भाऊ खल द्यायला तयार नव्हता. त्यानं बहिणीला तो प्रवासापुरता दिला होता, हुबेहूब दुसरा करून आणण्यासाठी. दुसरा करायचा तर तो जिथून गेला तिथंच, हा बाईंचा हट्ट. त्यांच्या इथल्या भावकीतले बाळासाहेब त्यांना माझ्याकडं घेऊन आले होते.

मी संदीपला आत बोलावलं. हा माझा डिझायनर. जुना खलच वाळूत दाबून काम भागलं असतं, पण धातू थंड होताना आकसतो आणि कॉपी मूळ वस्तूपेक्षा लहान येते. म्हणून आम्ही खल स्कॅन केला, कॉम्प्युटरवर आकसण्याइतका मोठा केला आणि थ्रीडी प्रिंटरवर पॅटर्न काढला.

"संदीप, काठावरची खाच कुठं गेली?"

"डॅमेज होता तो, मॅडम. रिपेअर करून टाकला."

त्याला काय बोलणार? आमच्याकडं येणारा प्रत्येक तुटका पार्ट नीट करण्यासाठीच येतो.

"खाच एवढी महत्त्वाची आहे का?" मी बाईंना विचारलं. आवाजात थोडी धार होतीच.

"बोट हलायची," त्या सावकाश म्हणाल्या. त्यांचं मराठी घरात ऐकलेलं आणि पुढं रात्रीच्या वर्गात शिकलेलं. "माझी आजी तेव्हा नुकती चालायला लागलेली. घरंगळत जायची. पणजीनं खलाच्या कमरेला दोरी बांधली. दुसरं टोक पोरीच्या कमरेला. पुढं मळ्यातही तसंच. आजीनं माझ्या आईला बांधलं, आईनं मला. मातीनं भरलेली दोरी त्याच जागी घासायची. माझ्यानंतर कुणाला बांधलं नाही."

"मावशी, तुमाला बांदल्यालं आठवतंय?" बाळासाहेबांनी विचारलं.

"आठवतंय. माझ्या नातवंडांना मात्र ती खाच म्हणजे पडून आलेला पोचा वाटतो. मी आहे तोवर सांगेन. नंतर त्या खोलीत गुळगुळीत खल ठेवून काय सांगणार?"

माझा राग उतरला. विमान शनिवारी होतं, जुना खल त्यांच्याबरोबर परत जाणार होता आणि पुन्हा यायचं त्यांचं वय नव्हतं.

"मिळेल तुम्हाला खाच," मी म्हणाले.

संदीपनं रिपेअर करण्याआधीच्या स्कॅनवरून पॅटर्न पुन्हा काढला. पोचे, ओरखडे, खाच, सगळं जसंच्या तसं. कास्टिंग ओतून झालं आणि फेटलिंगला गेलं. फेटलिंग म्हणजे कास्टिंगला चिकटलेला जादा धातू ग्राइंडरनं काढून टाकणं. आमचे मौलाभाई त्यात वस्ताद. रोज कबनूरहून येतात. संध्याकाळी त्यांनी खल माझ्यासमोर ठेवला. काठ आरशासारखा.

"मौलाभाई! खाच?"

"ती व्हय? वाळू लागून खड्डा पडल्याला वाटला. मारली की घासून. सगळा काठ लेव्हल केला."

मी डोकं धरलं. मग आवाज चढवला. कुणी सांगितलं होतं घासायला? पण कुणीच काही सांगितलं नव्हतं, हाच तर घोळ होता. खड्डा दिसला की काढायचा, यासाठीच मी त्यांना इतकी वर्षं पगार देत आले होते. शेवटी खाली बसले आणि बोट, दोरी, पोर, सगळं सांगितलं.

मौलाभाईंनी ग्राइंडरचं बटण बंद केलं.

"अम्मा मला मागाच्या खांबाला बांदायची," ते म्हणाले. "वढणीनं. न्हायतर मी सरळ चालत्या मागात हात घालायचो. मॅडम, परत वता. आता मी बगतो."

ओतायचं कुठं? पितळ आमचा शेजारी फाउंड्रीवाला ओततो. तो म्हणाला, "आता लोखंडाची ऑर्डर हाय. पितळ सोमवारी."

"सोमवारी बाई समुद्रापलीकडं असतील."

"मग मी काय करू, ताई?"

"आज वितळव. तुझी माणसं कामात असतील तर साचा मी भरते, मला येतं. माल वितळेस्तोवर इथंच बसणार आहे, मला हाकलून बघ."

त्यानं बघितलं नाही. कुरकुरत का होईना, भट्टी लावली. मी खरोखरच वाळू भरली, साडी काळी करून घेतली आणि धातू ओतेपर्यंत हलले नाही. कास्टिंग निघाल्यावर मौलाभाईंनी खाचेभोवती लाल रंगाचा पट्टा मारला, ग्राइंडर बाजूला ठेवला आणि नुसत्या कानशीनं, हातानं, जादा धातू काढला. मध्ये संदीप बघायला आला तर त्याला म्हणाले, "लांब हो. हात लावायचा न्हाय."

शुक्रवारी इंदिराबाई आल्या. बाळासाहेब मागं उभे. मी दोन्ही खल टेबलावर ठेवले. त्यांनी नव्याच्या काठावरून अंगठा फिरवला. खाचेशी थांबल्या.

"दोरी आहे?" त्यांनी विचारलं.

पॅकिंगची सुतळी होती. त्यांनी नवा खल जमिनीवर ठेवायला लावला. वाकून त्याच्या कमरेला सुतळी बांधली, दुसरं टोक स्वतःच्या कमरेभोवती धरलं आणि हळूहळू दाराकडं चालायला लागल्या. सुतळी ताणली, काठावर सरकली आणि खाचेत जाऊन बसली. बाई थांबल्या.

"बरोबर हाय न्हवं, मावशी?" बाळासाहेबांनी विचारलं.

"इथपर्यंतच यायचे मी," त्या दाराकडं बघत म्हणाल्या. "ह्याच्यापुढं उसात आईचा कोयता चालायचा."

मौलाभाई तोंड फिरवून बाहेर गेले. मलाही बिलाचा कागद उगाच शोधावा लागला.

खल पास झाला, विमानानं गेलासुद्धा. आमच्या शॉपमध्ये तेव्हापासून एक नियम आहे. जुनी वस्तू आली की तिला कानस लावण्याआधी ती आणणाऱ्याला विचारायचं, हे कशानं झालं? यात कामाचा वेळ जातो, अशी संदीपची तक्रार आहे. जाऊ दे.