भाकऱ्या मी थापते

लालबागला मैदानात आम्हा मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या मावशी म्हणायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही.

आईने अंथरूण धरलं आणि बाबांनी माझा खेळ बंद केला. सामन्याच्या दिवशी मावशी स्वतःच्या घरचं सहा जणांचं जेवण उरकून थेट आमच्या दारात आल्या.

"भाऊ, भाकऱ्या मी थापते. हिला जाऊ द्या."

बाबा काही बोलायच्या आत त्यांनी पदर खोचून परात ओढलीसुद्धा. मी पळाले.

आम्ही हरलो. वर्षभर घाम गाळून बसवलेल्या संघाचा तो सामना मावशींनी पाहिलाच नाही.

घरी आले, तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. बाबा आईला भरवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "उद्या सराव किती वाजता?"