तिसरा कौल

आमच्या चिखलीच्या सोसायटीत अलीकडे एक खूळ निघालंय. मे महिना लागला की पोरांना गाडीत कोंबायचं आणि कुठल्यातरी डोंगरावरच्या घरात नेऊन सोडायचं. म्हणे निसर्ग शिकवतो! परवा शेजारचे एक जावईबापू मला हेच ऐकवत होते. "आजी, तुम्ही लोक भाग्यवान. तुमचे उन्हाळे डोंगरात गेले." मी म्हटलं, "हो बाबा, एक गेला." आणखी काय बोलणार? ज्याला शेणाची पाटी डोक्यावर घ्यावी लागली नाही, त्याला डोंगर साजराच दिसणार.

मला त्या डोंगरानं काडीचंही शिकवलं नाही. करवंदाचा चीक ओठाला लागला की चिकटून बसतो, हे एक शिकले असेन. बाकी जे शिकले ते माणसांकडून, आणि ती माणसं माझ्या घरचीच होती.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही चिंचवडला चाळीतल्या एका खोलीत राहत होतो. आई, वडील आणि मी. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते. सकाळी सायकल काढायच्या आधी हँडलला डबा लटकलेला पाहिजे, भाकरी गरम पाहिजे, भाजीत मीठ बेताचं पाहिजे. यातलं काही चुकलं तर संध्याकाळी आल्या आल्या डबा दारातूनच आत भिरकावायचे. तो गडगडत चुलीपाशी जायचा आणि आई मुकाट्यानं उचलून घासायला बसायची. शेजारचे पुरुष कौतुकानं म्हणायचे, "राव, घरात दरारा असावा तर तुमच्यासारखा." दरारा म्हणे, डोंबलाचा!

मी नुकतीच सहावी पास झाले होते. सातवीला फायनलची परीक्षा असायची, आणि ती पास झालेल्या मुलीला शाळेत मास्तरीण होता यायचं. आमच्या शाळेत एक बाई होत्या. पायात चपला, हातात छत्री, आणि गावातले मिशाळ बाप्ये त्यांना वाकून नमस्कार करायचे. मला अगदी तसंच व्हायचं होतं, दुसरं काही म्हणून नको होतं. आईला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण माझं नाव शाळेत घालायला वडिलांच्या मागं लागून तिनं दोनदा जेवण सोडलं होतं. तेव्हा जूनमध्ये सातवीच्या वर्गात जाऊन बसणं, एवढ्यावर आम्हा दोघींचा जीव अडकला होता.

त्या उन्हाळ्यात वडिलांच्या थोरल्या भावाचा निरोप आला. तुझी वहिनी अवघडलेली आहे, बायकोला आणि पोरीला धाडून दे, पोरगी रानमेवा खाईल, हवापालट होईल. थोरल्या भावाचा निरोप म्हणजे आमच्या वडिलांना सरकारी हुकूम. चाकणला गाडी बदला, खेडला बदला, रस्ता संपला की गाठोडं डोक्यावर घेऊन डोंगर चढा, असं करत आम्ही वर पोचलो. वडिलांना रजा नव्हती. आम्हाला ओट्यावर सोडलं, भावाच्या पायावर डोकं ठेवलं आणि ते माघारी वळले.

हवापालट दुसऱ्या दिवशीच सुरू झाली. आईनं चूल घ्यायची, मी झऱ्यावरनं पाणी आणायचं. झरा खाली, घर वर. मग दिवसभर राबाची कामं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा अंथरायचा आणि पावसाच्या आधी तो भाजायचा, याला राब म्हणतात. ते शेण आणि तो पाला कुणीतरी डोक्यावरून आणावा लागतो. आम्ही दोघी आणत होतो. चुलती बिचारी बाळंतपणाला टेकलेली, आणि काका ओट्यावर चंची सोडून बसलेले. मला खेप घेऊन जाताना बघितलं की तंबाखू मळता मळता म्हणायचे, "पोरी, डोंगरात मानूस घडतं. तुमाला तिकडं कामाची सवंच न्हाई." यांनी स्वतः सबंध उन्हाळ्यात गवताची काडी उचललेली मी पाहिली नाही. माझ्या पाठीची सालटी निघत होती आणि हे मला घडवत होते.

चुलतीला मुलगा झाला. आईनं बाळंतपण केलं, शेक-शेगडी केली. आता जायचे दिवस जवळ आले म्हणून मी मनातल्या मनात शाळेतल्या कविता म्हणायला लागले. एका दुपारी काका ओट्यावरूनच म्हणाले, "पोरगी ऱ्हाऊ द्या हितंच. बाळ सांभाळंल, पान्याची खेप हुईल. सातवी शिकून काय कलेक्टर व्हायाचीय?"

आई दाराआड होती. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं तर पोराबाळांच्या तोंडून सांगायचं. ती मला म्हणाली, "काकांना म्हणावं, हिचे वडील येऊ द्यात." मला हायसं वाटलं. चिंचवडात सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा आवाज असलेला बाप आहे आपला, तो काय ऐकून घेणार?

वडील न्यायला आले ते वाळलेल्या काकडीसारखे. महिनाभर खानावळीत जेवून गालफडं बसली होती. आल्या आल्या आईच्या हातच्या चार भाकऱ्या त्यांनी उभ्या-उभ्या हाणल्या. मग काकांनी विषय काढला. मी दाराला कान लावून होते. वडील हळूच म्हणाले, "दादा म्हणतील तसं."

बस्स! एवढंच! डबा भिरकावणारा वाघ तो हाच का? भावापुढं त्याची पार शेळी झाली होती. मला रडू आलं नाही, किळस आली. अजून आठवलं तरी येते.

काकांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. उद्या कुणी बोल लावायला नको म्हणून म्हणाले, "माझं म्हनून नगं. देवाला इचारू."

गावदेव म्हणजे घरामागच्या टेपाडावर शेंदूर फासलेला एक धोंडा. त्याच्या पूजेचा मान आमच्या घराण्याकडं, म्हणजे काकांकडं. तिथं कौल लावायचे. पाण्यात भिजवलेले तांदळाचे दोन दाणे देवाच्या अंगाला चिकटवायचे, एक उजवीकडं, एक डावीकडं. प्रश्न विचारायचा. उजवा आधी पडला तर देव हो म्हणाला, डावा पडला तर नाही. मग त्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. गाय विकायची असो नाहीतर सोयरीक जुळवायची असो, देवाचा आणि काकांचा विचार आजवर कधी वेगळा पडला नव्हता.

सकाळी आम्ही सगळे गेलो. पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता, म्हणून मी अगदी जवळ उभी होते. काकांनी डावा दाणा चांगला ओला करून अंगठ्यानं दाबून बसवला. उजवा नुसता टेकवला. "देवा, पोरगी हितं ऱ्हावी का?" म्हणाले, आणि हात जोडायच्या आत उजवा खाली. "देवाची मर्जी!" काका म्हणाले. "देवाची मर्जी," वडील म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. मी आईकडं बघितलं. माझी सातवी, माझी छत्री, सगळं त्या दाण्याबरोबर धुळीत पडलं होतं.

आईनं पदर पुढं ओढला आणि मला म्हणाली, "काकांना म्हणावं, माझाबी एक कौल लावा. पोर लहान हाय. आईनं तिच्यापाशी ऱ्हावं का, एवढं देवाला इचारा."

काकांचे डोळे असे चमकले की काय सांगू! समोर भाताची लावणी होती आणि बिनबोलाचे दोन हात आपणहून चालून आले होते. तिथं त्या हावरट माणसाची चूक झाली. त्यांनी डावा दाणा पुन्हा अंगठ्यानं दाबला, उजवा टेकवला. उजवा पडला. "वा! देवाची मर्जी!"

या खेपेला वडिलांनी ते म्हटलं नाही. ते आईकडं बघत राहिले, मग भावाकडं, मग पुन्हा आईकडं. "म्हंजे?" ते म्हणाले. "ही बी हितंच? आन् माझ्या डब्याचं काय?"

"खानावळ हाय की," काका म्हणाले.

"खानावळ? ती डाळ तुमी खाऊन बघा, दादा! महिनाभर पोट बिघडलंय माझं! डेपोत उभं ऱ्हावत न्हाई मला!" चिंचवडच्या चाळीतला तो आवाज अखेर डोंगरावर ऐकू आला.

"आरं पर देवाचा शब्द हाय," काका म्हणाले.

"मग मी बी इचारतो." वडिलांनी माझ्या हातातला तांब्या हिसकला. डावा दाणा भिजवला आणि अंगठ्यानं असा दाबला की शेंदरात रुतला. उजवा कोरडाच घेतला, पाण्याला लावलासुद्धा नाही. तो लावायच्या आधीच घरंगळला. "पडला! उजवा पडला! देव म्हनतो दोघींना घिऊन जा."

"आरं, इचारलंस कुठं आजून?"

"देवाला मनातलं कळतं, दादा."

काकांनी कमरेची चंची सोडली. कोरडा दाणा लावलास म्हणावं, तर स्वतःच्या अंगठ्याचं काय सांगणार? आई तोवर निम्मं टेपाड उतरून गेली होती, गाठोडं बांधायला.

डोंगर उतरताना वडील पुढं तरातरा चालत होते, आणि मागून चालताना माझ्या ध्यानात आलं. दाणा कसा लावायचा हे त्यांना लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं. पहिल्या कौलाच्या वेळी भाऊ काय करतोय ते त्यांना माझ्याइतकंच स्वच्छ दिसलं होतं, आणि तरीही ते "देवाची मर्जी" म्हणाले होते. कारण तेव्हा नुसती मीच मागं राहणार होते.

जूनमध्ये मी सातवीत बसले. फायनल झाले, काळेवाडीच्या शाळेत मास्तरीण झाले, चपला आल्या, छत्री आली. घरी पाहुणे आले की वडील मांडी ठोकून सांगायचे, "पोरीच्या शिक्षणापायी सख्ख्या भावाशी भांडलो, भर देवापुढं!" पाहुणे वा वा करायचे. आई वाढत असायची, तोंडातून चकार शब्द काढायची नाही. मी तिच्यावर चिडायचे. ती म्हणायची, "सांगू दे गं. आपलं काम झालं ना?"

एकदा मात्र मला राहवलं नाही. पाहुणे उठून गेले होते, वडील अजून पानावर होते. मी सरळ विचारलं, "त्या दिवशी आईनं दुसरा कौल मागितलाच नसता, तर तिसरा तुम्ही लावला असता का?"

वडिलांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो भाजीत बुडवला, तोंडात घातला, सावकाश चावला. मग आईकडं बघून म्हणाले, "मीठ वाढ."