अक्कांची उन्हातली टोपी

माझ्या थोरल्या मेहुणीइतकं मोठ्या आवाजात आणि इतक्या रास्त कारणांसाठी रागावणारं माणूस कोल्हापुरात दुसरं झालं नाही. नुसता आवाज मोठा असणं ही आमच्याकडं विशेष बाब नव्हे. इथं माणसं कानात सांगायची गोष्टसुद्धा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी सांगतात. पण इतरांचा राग बहुधा स्वतःपुरता असतो. लग्नात मानाचं पान मिळालं नाही, नळाला पाणी आलं नाही, असा. आमच्या या मेहुणीचा, म्हणजे अक्कांचा, राग सार्वजनिक होता. राजारामपुरीच्या रस्त्यानं कुणी अनोळखी माणूस खांदे पाडून चाललेला दिसला, की "ओ पावणं, पाठ! पाठ सरळ करा की!" अशी आरोळी पाठीमागून यायची, आणि तो बिचारा आपल्या पाठीवर काही चढलंय की काय अशा समजुतीनं ताठ व्हायचा. आमच्या नात्यातल्या एका लग्नात नवरी खाली मान घालून अंतरपाटाशी उभी होती. भटजी मंगलाष्टकांच्या ऐन भरात असताना बायकांच्या गर्दीतून आवाज आला, "मान वर कर गं! काय गुन्हा केलायस व्हय?" नवरीनं दचकून मान वर केली. आमच्या सगळ्या गोतावळ्यात नवरीचा चेहरा दिसतो असे लग्नाचे फोटो तेवढे एकाच घरी आहेत.

अक्का मुलींच्या हायस्कुलात खेळ शिकवायच्या. पांढरं पातळ, कासोट्यासारखा घट्ट खोचलेला पदर, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळं गळ्यातली जागा मोकळीच होती, असं त्या स्वतःच सांगत. शिट्टी घरीसुद्धा गळ्यातच असायची. आमच्याकडं आल्या आणि चुलीवरचं दूध वर येताना दिसलं, की त्या शिट्टी वाजवायच्या. दूध त्यानं थांबत नसे, पण माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, वयाच्या चाळिशीतही शाळेतल्या मुलीसारखी धावत यायची. मला त्या नावानं कधीच हाक मारत नसत. मी जावई होऊन आलो त्या दिवशी 'पावणं' होतो आणि पुढं घरातला भाजीपाला आणणारा झालो तरी पावणंच राहिलो.

या बाईंचं जगात एकच ठिकाण होतं आणि ते म्हणजे शाळेचं मैदान. तांबड्या मातीचा चौकोन, एका कडेला कडुलिंब आणि बाकी सगळं ऊन. तिथं त्यांनी शेतकऱ्यांच्या, चांभारांच्या, बागवानांच्या आणि वकिलांच्या मुलींना खो-खो शिकवला, आणि मुख्य म्हणजे ओरडायला शिकवलं. "पोरगी हाय म्हणून हळू बोलायचं न्हाय. खो दिलेला ऐकू आला पायजे, न्हायतर पुढची उठंल कशी?" हे त्यांचं शिक्षणशास्त्र होतं. मी कॉलेजात शिकवतो, शिक्षणशास्त्राची जाडजूड पुस्तकं चाळलेली आहेत; याहून अधिक त्यांत काही आढळलं नाही.

एका वर्षी शिमग्याच्या सुमारास अक्कांच्या चेहऱ्यावर लाल चट्टे उठले. आधी गालांवर, मग कपाळावर. सावलीत बसलं की उतरायचे, उन्हात गेलं की दुप्पट. डॉक्टरांनी सांगितलं, या कातडीला ऊन सोसायचं नाही; चेहऱ्यावर ऊन पडू देऊ नका, नाहीतर डाग कायमचे राहतील. ही बातमी शाळेच्या अध्यक्षांपर्यंत पोचायला एक दिवस लागला. अध्यक्ष हे आमच्या गावातलं एक भारदस्त प्रकरण होतं. सभा असो, बारसं असो, दुकानाचं उद्घाटन असो, तुरेदार फेटा बांधल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. आणि एकदा बोलायला उभे राहिले की समोरच्या हारातली फुलं सुकेपर्यंत बसत नसत. त्यांनी निरोप पाठवला, की बाईंनी काळजी करू नये, नव्या वर्षापासून त्यांना शिवणाचा वर्ग देऊ. खोली उत्तरेकडची आहे, ऊन अजिबात येत नाही.

"शिवण!" अक्का आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात उभ्या राहून ओरडल्या. "मला सुईत दोरा ओवता येत न्हाय, पावणं! मी पोरींना काय शिकवू, गाठ कशी मारायची?"

"छत्री घ्या," मी सुचवलं.

"एका हातात छत्री, एका हातात शिट्टी. मग आळशी पोरीचा कान कुठल्या हातानं धरू?"

"डोक्यावरून पदर घेतला तर?" माझी बायको म्हणाली.

"पदर घिऊन पळून दाखव तू. ह्या खोलीतनं त्या खोलीत."

तेव्हा टोपी हवी, हे ठरलं. आणि इथून माझ्या संतापाला सुरुवात होते, कारण अक्का आणि मी महाद्वार रोडवर टोपी शोधायला गेलो. हे गाव डोक्यांचे मोठे लाड करणारं आहे. पुरुषाच्या डोक्यासाठी इथं फेटे, पटके, पागोटी, काळ्या टोप्या, पांढऱ्या टोप्या, मखमली टोप्या, माकडटोप्या. लहान पोराला कुंची, नवरदेवाला बाशिंग, बैलालासुद्धा पोळ्याला गोंडे. बाईचं डोकं म्हटलं की दुकानदार एकदम आध्यात्मिक होतो. "बायकांसाठी? टोपी?" म्हणून तो माझ्याकडं बघायचा, अक्कांकडं नाही. एकानं माकडटोपी काढली. फाल्गुनात. दुसऱ्यानं साहेबाच्या काळातली सोला हॅट माळ्यावरून काढली. ती घातल्यावर अक्का पाटबंधारे खात्याच्या पाहणीला निघाल्यासारख्या दिसत होत्या. एका ओळखीच्या बाईंनी सुनेची गोव्याहून आणलेली गवताची हॅट दिली, रिबीन आणि कापडी फुलांची. अक्कांनी ती उन्हात धरली आणि जमिनीवर पडलेली सावली मला दाखवली. सावलीभर उन्हाची भोकं. "ही टोपी हाय का पिठाची चाळण?"

"निदान दिसायला बरी आहे," मी म्हणालो.

"व्हय, दिसायला बरी पायजेच," अक्का म्हणाल्या, आणि मी चकित झालो. मला वाटलं होतं की या बाईंना ऊन अडवणारी कुठलीही वस्तू, अगदी घमेलंसुद्धा चालेल. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. "का ओ? माझ्या घरात आरसा न्हाय? तोंडावर चट्टे हायत म्हणून डोक्यावर कायबी घालू व्हय?" हे त्या नेहमीपेक्षा जरा हळू बोलल्या. म्हणजे फक्त शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं.

शेवटी बँडवाल्यांचे पोशाख आणि टोप्या शिवणारे एक चाचा सापडले. अर्ध्या जिल्ह्यातल्या वरातींची डोकी त्यांच्या हातची. त्यांना अक्कांनी नमुना जमिनीवर खडूनं काढून दाखवला. कड चारी बाजूंनी रुंद, आत बक्रमचं ताठ कापड, म्हणजे पळताना फडफडणार नाही. वरून इचलकरंजीचं जाड पांढरं कापड. आतून हिरवं अस्तर, डोळ्यांना गार. आणि भोवतीनं अक्कांच्या जुन्या इरकली पातळाचा काठ. चाचा खूश झाले. मग त्यांनी टेप काढली आणि माझ्या डोक्याभोवती गुंडाळली.

"अहो, टोपी त्यांची आहे," मी म्हणालो.

"कळलं की. पर बाईमाणसाच्या डोक्याला आमी टेप लावत न्हाय. घरातल्या गड्याचं माप घेतो, त्यात एक बोट कमी करतो. सगळं बरोबर येतंय बगा."

"सगळं म्हणजे? आधी किती बायकांच्या टोप्या शिवल्यात?"

"हीच की पहिली."

अक्का, ज्यांनी भर मांडवात नवरीला खडसावलं होतं, त्या इथं काही बोलल्या नाहीत. चाचांचा मान ठेवला, असं त्या नंतर म्हणाल्या. शिवणं चालू असताना माझ्या डोक्यावर ती टोपी दोनदा चढवून पाहण्यात आली, आणि ऊन कुठवर येतं हे बघण्यासाठी मला ती घालून दुकानाबाहेर भर बाजारात उभं करण्यात आलं. कॉलेजातले दोन विद्यार्थी सायकलवरून गेले. त्यांनी अदबीनं नमस्कार केला. तो मला आजही बोचतो.

टोपी तयार झाली ती तुऱ्यासकट. चाचांनी हौसेनं वर जरीचा तुरा खोवला होता. "बिनतुऱ्याची कशी देऊ, अक्का? लोक म्हणतील चाचानं हात आखडला." तुरा अक्कांनी चाचांच्या देखत काढला नाही, रिक्षात बसल्यावर काढला. पण घरी आरशासमोर खरी गंमत कळली. माझ्या डोक्याला अंबाडा नाही. अक्कांच्या डोक्याला चांगला नारळाएवढा होता. टोपी अंबाड्यावर जाऊन बसली, कळसासारखी, आणि कपाळ, गाल, नाक सगळं उघडं. अक्का चाचांवर चिडल्या, माझ्या डोक्यावर चिडल्या, देवानं बाईला केस दिले त्यावर चिडल्या. मग माझ्या बायकोनं त्यांचा अंबाडा सोडला, पाठीवर एक सरळ वेणी घातली आणि टोपी पुन्हा ठेवली. ती भुवयांपर्यंत खाली आली. सावली पार हनुवटीखाली पडली. इरकली काठाच्या लाल रेघेखाली अक्का पंचेचाळीस वर्षांच्या वाटतच नव्हत्या. दोघी बहिणी आरशात बघत राहिल्या. "शाळंत असताना अशीच दिसायचीस," माझी बायको म्हणाली. अक्कांनी टोपीची कड बोटानं जरा सरळ केली.

पंधरवडा मैदानावर टोपीचं राज्य चाललं. चट्टे उतरले. मुली पहिल्या दिवशी हसल्या, दुसऱ्या दिवशी विसरल्या. मग खेळांचा बक्षीस समारंभ आला. चैत्रात, भर दुपारी. चैत्रात मैदानावर समारंभ कुणी ठेवतं का? पण अध्यक्षांना तेव्हाच सवड होती. मांडव पाहुण्यांपुरता. मुली उन्हात रांगेत, आणि रांगांच्या पुढं अक्का. मी मांडवात शेवटच्या खुर्चीवर होतो.

अध्यक्षांनी फेटा सावरला, माइकशी आले, आणि म्हणाले, "बाई, आधी डोक्यावरचं ते काढा. आपल्या संस्कृतीत बायका टोप्या घालत नाहीत. पाहुण्यांसमोर शोभत नाही."

अक्कांना माइकची कधी गरज पडली नव्हती. "साहेब, तुमी सावलीत बसलाय, डोक्याला येवढं कापड गुंडाळून. मी उन्हात हुबी हाय. संस्कृतीला जरा इचारा की, टोपी कुणाला पायजे."

मांडवात कुणी तरी हसलं आणि तिथंच घात झाला. अध्यक्ष लाल झाले. "टोपी काढायची नसेल तर मैदान सोडा. शिवणाची खोली मोकळी आहे."

इतिहास शिकवताना मला नेहमी वाटत आलंय, की डोक्यावर काय असावं यावरून या देशात जेवढं रण माजलं, तेवढं डोक्यात काय असावं यावरून माजल्याचा पुरावा नाही. पण त्या दुपारी मला असलं शहाणपण सुचलं नाही. नुसती कानशिलं तापली. मला वाटलं, अक्का आता शिट्टी फुंकून मांडवच उठवतील. त्यांनी टोपी काढली, बुटांपाशी ठेवली आणि उघड्या डोक्यानं, पाठ ताठ ठेवून उभ्या राहिल्या. मैदान सोडलं नाही.

भाषण सुरू झालं. भारतीय नारीपासून. ते सीतेपर्यंत आलं तेव्हा अक्कांच्या गालांवर रंग चढायला लागला होता. सावित्रीपर्यंत कपाळावर चट्टे उठले. मी उठून मैदानात गेलो आणि माझी छत्री त्यांच्यावर धरली. त्यांनी ती कोपरानं बाजूला केली. "जावा, पावणं. पोरी उन्हातच हायत की." जिजाऊंपर्यंत एक डोळा सुजून बारीक झाला. रांगेतल्या मुली भाषणाकडं बघत नव्हत्या, त्या सगळ्या बाईंकडं बघत होत्या. मग पाहुणे बघायला लागले. अखेर अध्यक्षांनी बघितलं. त्यांचं एक वाक्य अर्ध्यावर थांबलं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

"बाई," ते म्हणाले, आणि आवाज माइकमध्येही लहान आला, "घाला ते."

अक्का पुढचे आठ-दहा दिवस खिडक्यांना चादरी लावलेल्या खोलीत पडून होत्या. आणि मी भडकलेला होतो. वर्तमानपत्राला काय लिहावं, कुणाकुणाला भेटावं, हे मी त्यांच्या उशाशी बसून ऐकवत होतो. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "मैदानावर कोण हाय आत्ता?"

"गाण्याच्या बाई उभ्या असतात. कडुलिंबाखाली."

"पोरी पळतात?"

"पळतात की."

"हळू पळत असतील," अक्का म्हणाल्या आणि भिंतीकडं वळल्या.

शिवणाची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. अक्का निवृत्त होईपर्यंत मैदानावर राहिल्या. उजव्या गालावर मात्र एक काळसर डाग राहिला तो राहिलाच. मला तो दिसला की त्या एका भाषणाचा संताप नव्यानं यायचा. मी तसं बोलून दाखवलं, की त्या म्हणायच्या, "डाग हाय तर हाय ओ. मैदान हाय न्हवं?"

आता त्या नाहीत. पण एक दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. मी शाळेच्या कुंपणाबाहेरून सायकलनं चाललो होतो. आत एक मुलगी खो-खोच्या खुंटाजवळ पडली होती, गुडघा फुटला होता. अक्का तिच्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि त्या टोपीच्या कडेखाली दोघींची डोकी मावली होती. आत काय बोलणं चाललं होतं ते ऐकू येत नव्हतं. अक्कांचं बोलणं मला ऐकू येत नाही, असं त्यापूर्वी कधी झालं नव्हतं. मी सायकलवरून उतरलो. हाक मारली असती तर त्यांनी मान वर केली असती, मैदान ओलांडून माझ्यावर खेकसल्या असत्या. मी मारली नाही. तांबड्या मातीवर ती वाटोळी सावली पडली होती, आणि ती हलेपर्यंत मी कुंपणाला धरून उभा राहिलो.