फिती काढणारा

धावणाऱ्यांच्या त्या गोतावळ्यात प्रल्हाद खानविलकर हा एकटाच न धावणारा. वय बावन्न आणि गुडघे त्याहून दहा वर्षांनी थोरले. अल कुसैसमधल्या एका कंपनीत तो एसी दुरुस्तीचा सुपरवायझर होता. आठवडाभर लोकांच्या गच्च्यांवर उन्हात उभं राहून तो खालच्यांना गारवा पुरवायचा आणि सुट्टीच्या दिवशी दुबईतल्या मराठी धावपटूंसाठी डोंगरात वाट दाखवणाऱ्या फिती बांधायचा.

हत्ता गावाच्या अलीकडे, उघड्याबोडक्या डोंगरांच्या ओंजळीत धरणाचं एक तळं आहे. त्याला दोन फेरे. खालचा काठाकाठाने जातो, निवांत. वरचा त्याच काठावरच्या एका फाट्यावरून डोंगरावर चढतो, खिंड ओलांडतो आणि पलीकडच्या वादीतून पुन्हा धरणापाशी उतरतो. आपल्याकडे वादी कोर्टात भेटतो. इथे वादी म्हणजे डोंगरातला ओढा, वर्षातले साडेतीनशे दिवस कोरडा ठणठणीत. उरलेल्या दिवसांबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

प्रल्हादची फिती बांधायची रीत ठरलेली होती. वळणाच्या आधी एक, वळणावर दोन आणि वळून पुढे गेल्यावर आणखी एक. ही शेवटची कशाला, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "तुझं बरोबर चाललंय, हे सांगायला." चांगला माणूस. पण एक खोड होती. मागे काही पडून राहिलेलं त्याला बघवत नसे. शेवटचा धावपटू दिसेनासा झाला की हा लगेच फिती सोडायला लागे. शोभना, त्याची बायको, चारचौघांत सांगायची की, हा माणूस शेवटचा घास तोंडात असतानाच समोरचं ताट उचलतो. सगळे हसायचे, तोही हसायचा. हसण्यावारी नेलेल्या खोडी एक दिवस हिशेब मागतात.

तो मार्चमधला रविवार होता. आदल्या दिवशी तळं हिरवं दिसलं होतं, त्या सकाळी ते शिशासारखं करडं झालं होतं. वारा पडला होता. झाडांना बांधलेल्या केशरी फिती इतक्या निश्चल लोंबत होत्या की प्रल्हादला ते आवडलं नाही. वली मुकादम, मूळचा दापोलीचा, पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली पिकअप घेऊन पार्किंगमध्ये उभा होता. त्याने खिंडीच्या मागे बोट दाखवलं.

"प्रल्हादभाई, त्या बाजूला बघा. मला काय ते ठीक दिसत नाय."

"आठपर्यंत संपवू," प्रल्हाद म्हणाला. "यल्ला, चल, सगळ्यांना सांग, आज फाट्यावर उशिरा पोचेल त्याने वर जायचं नाही."

त्या दिवशी त्याची मुलगी ईशानीसुद्धा धावत होती. सतरा वर्षांची, दुबईतच वाढलेली. बापाने मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, हे घरात रोजचं होतं. तो रोज कुरकुरायचा, "अगं, एक वाक्य तरी मराठीत बोल." ती म्हणायची, "बाबा, यू अंडरस्टँड मी ना? देन?" तिने आज दोन्ही फेरे करायचे ठरवले होते, पण बुटाने टाच सोलवटली आणि ती मागे पडली.

वर गेलेले आठही जण पावणेआठपर्यंत वादीतून खाली उतरले. प्रल्हाद धरणाच्या टोकाला उभा राहून त्यांना मोजत होता. खिंडीमागे ढग आता डोंगरालाच टेकला होता आणि अधूनमधून तिकडून जड पिंप सरकवल्यासारखा आवाज येत होता. त्याने ईशानीला फोन लावला. डोंगरात फोन लागणं हीच मेहरबानी.

"ईशू, कुठे आहेस?"

"फाट्यावर. लिसन, माय फूट इज फाइन नाऊ, सो आय..." पुढे नुसती खरखर.

"ढग बघ आधी. वर नको जाऊस. काठाकाठाने खाली ये. ऐकू येतंय का?"

पुन्हा खरखर. मग अगदी कानाशी बोलल्यासारखा स्वच्छ आवाज आला, "ओके बाबा. येते मी."

फोन कट झाला. प्रल्हादच्या जिवात जीव आला. शिवाय पोरगी चक्क मराठीत बोलली, याचंही त्याला भारी कौतुक वाटलं. ती खालून येते आहे म्हणजे वर कुणी नाही. वर कुणी नाही म्हणजे फिती काढायला हरकत नाही. पाऊस आला असता तर फिती वाहून तळ्यात गेल्या असत्या, आणि ते त्याला बघवलं नसतं.

तो झपाझप वादीत शिरला आणि एकेक फीत सोडत वर निघाला. तिसऱ्या वळणावर एक जागा होती. वरून उतरणाऱ्याने तिथे ओढ्याचं पात्र सोडून उजव्या काठावरच्या पायवाटेवर चढायचं असे. तसं न करता सरळ गेलं की वादी चिंचोळी होते, दोन्ही बाजूंना ताशीव कडे, आणि पाणी आलंच तर माणसाला वर चढायला जागा नाही. या वळणावर त्याने नेहमीच्या चार बांधल्या होत्या, वर दोन जास्तीच्या. सहाही फिती त्याने सोडल्या, गुंडाळल्या आणि पिशवीत टाकल्या. पुढच्याही काढल्या. काम नेटकं झालं होतं.

साडेआठला तो पार्किंगमध्ये परतला. मंडळी केळी खात होती. ईशानी दिसली नाही.

"वली, ईशू आली का? काठाने येतेय ती."

"काठानं?" वली म्हणाला. "प्रल्हादभाई, ती तर फाट्यावरना वर गेली. हिथनं दिसली ना मला, पिवळा टीशर्ट. मी हात केला, तिने पण केला."

प्रल्हादला फोनवरचे शब्द आठवले. येते मी. घराबाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, जाणं तोंडातून काढायचं नाही, अशी शोभनाच्या आईची शिस्त. शोभनाने ती लेकीला दुधाबरोबर पाजली होती. सगळं मराठी विसरलेली ईशानी शाळेला निघताना, क्लासला निघताना, दारात बूट चढवताना न चुकता तेवढं म्हणायची, येते मी. त्याचं बोलणं तिला ऐकूच गेलं नव्हतं. तिने बापाचा निरोप घेतला होता. ती इंग्रजीत बोलली असती तर 'गोइंग' म्हणाली असती आणि त्याने आकाशपाताळ एक केलं असतं. आयुष्यभर ज्या मराठीसाठी तो पोरीच्या मागे लागला, त्याच मराठीत ती बोलली आणि त्यालाच कळलं नाही.

पिशवी त्याच्या खांद्यावर होती. वलीने पिशवीकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे बघत खिशातून फोन काढला. "मी रेस्क्यूला फोन करतो. तुम्ही जा."

प्रल्हाद धावला. गुडघे आहेत हे तो विसरला. पार्किंगमध्ये अजून थेंब पडला नव्हता, पण वादीत शिरताच थंड, मातीचा वास असलेला वारा वरून अंगावर आला. तो पात्रातून गेला नाही, काठावरच्या पायवाटेने गेला, आणि म्हणून वाचला. दुसऱ्या वळणावर असतानाच गडगडाट झाला आणि बघता बघता खालचं कोरडं पात्र तपकिरी पाण्याने भरलं. दगड एकमेकांवर आपटत चालले होते. इथे पाऊस नव्हता. वर कुठेतरी पडलेला पाऊस इथे पोचला होता.

तिसऱ्या वळणावर त्याला पिवळा टीशर्ट दिसला. ईशानी पलीकडच्या काठावर होती. फिती सापडेनात म्हणून ती भलत्याच घळीत शोधायला गेली असणार. तिच्यामागे उतार होता, चढता येण्याजोगा. पण तिने बापाला पाहिलं आणि ती सरळ पाण्याकडे निघाली.

मधे पंधरा-वीस पावलांचं पाणी. प्रल्हाद ओरडला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. मग तो दोन्ही तळहात खाली दाबून दाखवू लागला, थांब, बस, बस तिथेच. आपल्याकडे बोलवायचं असलं तरी तळहात असाच खाली हलवतात. ईशानीने मान डोलावली आणि पाय पाण्यात घातला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. ती डगमगली, सावरली, आणि नजर बापावर ठेवून तिने दुसरा पाय उचलला.

तेव्हा त्याला उमगलं की ती पाण्याकडे बघतच नाहीये. बाबा समोर आहे एवढंच ती बघतेय, आणि तो समोर आहे तोवर ती येतच राहणार.

त्याने पाठ फिरवली. काठाने दहा-बारा पावलं चालत गेला आणि एका मोठ्या खडकाआड शिरला. तिथे खाली बसला. वळून बघावं म्हणून सगळं शरीर ओढ घेत होतं. बघितलं तर ती त्याचा चेहरा बघेल आणि पुन्हा निघेल. त्याने डोकं गुडघ्यांत घातलं. पाण्याचा आवाज वाढत होता. त्यात किंकाळी होती की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. बाप म्हणून इतकी वाईट गोष्ट आपण कधी केली नव्हती, असं त्याला वाटलं, आणि दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बचाव पथकाची दोन माणसं दोर घेऊन पायवाटेने आली. पुढच्याने हिंदीत विचारलं, "लडकी किधर है?" प्रल्हादने मान वर न करता हात मागे केला. माणूस खडकापलीकडे गेला. परत यायला त्याने फार वेळ लावला.

"ऊपर बैठी है," तो म्हणाला. "बहुत ऊपर."

बाबा गेल्यावर त्या पाण्यात उतरायला तिला काही कारणच उरलं नव्हतं. ती मागे फिरली होती आणि जाता येईल तेवढी वर चढून बसली होती. पाणी ओसरायला दीड तास लागला. मग तिला कमरेला दोर बांधून या बाजूला आणलं. प्रल्हाद तिला जवळ घ्यायला पुढे झाला. तिने घेऊ दिलं, पण तिचे हात खालीच राहिले.

पार्किंगमध्ये वलीने तिला चहा दिला, अंगावर आपलं जॅकेट टाकलं आणि तो तिला काहीतरी समजावत राहिला. घरी निघताना ती पुढच्या सीटवर बापाशेजारी बसली. प्रल्हादने गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही.

"वली अंकल सेज द गोट्स एट द रिबन्स," ती समोर बघत म्हणाली. "दे ईट एनीथिंग, ही सेज. इज दॅट ट्रू?"

खिडकीबाहेर वली पिकअपमध्ये रिकाम्या बाटल्या भरत होता. भल्या माणसाने सुटकेचं दार उघडून ठेवलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं की बाहेर पडता येत होतं. बकऱ्या काही साक्ष द्यायला येणार नव्हत्या.

"नाही," प्रल्हाद म्हणाला. "फिती मी काढल्या. मला वाटलं, तू खालून येतेयस."

तिने वलीचं जॅकेट अंगाभोवती ओढून घेतलं.

"अँड देन यू सॉ मी," ती म्हणाली, "अँड यू वॉक्ड अवे."

"हो."

या दुसऱ्या गोष्टीमागे, पाठ फिरवण्यामागे, कारण होतं, आणि ते सांगितलं असतं तर तिला पटलंही असतं. पण पहिल्या गोष्टीला, फिती काढण्याला, काहीच कारण नव्हतं. पहिल्यावर दुसऱ्याचं पांघरूण घालायला त्याचं मन धजेना.

ईशानीने सीटबेल्ट सोडला, ती खाली उतरली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.